अ‍ॅडम्स घराण्याचं दप्तर वाचताना

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅडम्स घराण्याचं दप्तर वाचायला घेतोयस, फार बरं वाटलं. पण सुरुवात छापील खंडांपासून करू नकोस. अमेरिकेचा सहावा अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स याची रोजनिशी त्याच्या मुलाने, चार्ल्स फ्रान्सिसने, १८७४ ते १८७७ या काळात बारा खंडांत छापली, पण घरगुती मजकूर बराचसा गाळून. मूळ वह्या ५१ आहेत, चौदा हजारांवर पानं, १७७९ पासून थेट १८४८ पर्यंत. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने त्या स्कॅन करून सर्वांना खुल्या केल्या आहेत.

आधी जॉन क्विन्सीच्या एकेका ओळीच्या नोंदी काढ. सविस्तर लिहिणं तुंबलं की तो दिवसाला एक ओळ टिपून ठेवायचा आणि सवडीने त्यावरून पूर्ण मजकूर लिहायचा. म्हणजे लांब नोंद त्याच रात्रीची असेलच असं नाही. तारीख ओळीवरून पक्की कर, तपशील लांब नोंदीतून घे.

पत्रांचं जास्त किचकट आहे. दप्तराच्या ६०८ मायक्रोफिल्म रिळांत रोजनिश्या, नक्कलवह्या (धाडायच्या पत्रांच्या प्रती उतरवलेल्या वह्या), संकीर्ण आणि आलेली पत्रं असे चार भाग आहेत. नक्कलवहीतला मजकूर म्हणजे धाडलेलं पत्र नव्हे. शेवटच्या घटकेला एखादं वाक्य बदललेलं असू शकतं, म्हणून ज्याला पत्र गेलं त्याच्या कागदांत मूळ प्रत शोधच. १८०९ ते १८१४ ही जॉन क्विन्सीची रशियातल्या वकिलातीची वर्षं असतील तर तारीख दोनदा तपास: तिथलं पंचांग पश्चिम युरोपपेक्षा बारा दिवस मागे होतं. नावांचाही गुंता आहे. चार्ल्स फ्रान्सिसच्या एका मुलाचं नाव जॉन क्विन्सी, दुसऱ्याचं पुन्हा चार्ल्स फ्रान्सिस! टिपणात प्रत्येकापुढे जन्मसाल लिहीत जा.

जॉन क्विन्सीची बायको लुइझा हिचे कागद मात्र सावकाश वाच, माझ्या मते या दप्तरातला सर्वांत जिवंत आवाज तिचाच. १८१५ च्या फेब्रुवारीत ती सात वर्षांच्या चार्ल्स फ्रान्सिसला घेऊन सेंट पीटर्सबर्गहून निघाली आणि मार्चअखेरीस पॅरिसला पोचली, तेव्हा नेपोलियन नुकताच तिथे परतला होता. पण ती हकीकत तिने लिहिली १८३६ मध्ये, एकवीस वर्षांनी. वाटेतल्या अफवा, भीती, माणसं यांसाठी ती अमोल आहे. मुक्कामांच्या तारखांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नकोस, त्या वेळची पत्रं शेजारी ठेव.

तुझा,
वसंत