भूल देणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) झालेल्या मुलांच्या घरी सर्जनचे आभार मानतात, मग स्पीच थेरपीवाल्या ताईंचे. भूल देणारे डॉक्टर कुणाला आठवतच नाहीत. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

आमच्या मुलीच्या ऑपरेशनआधी तुम्ही कानाचं काहीच विचारलं नाहीत. रडताना, पळताना पोर कधी बेशुद्ध पडते का, एवढंच. पडायची. ती फिट आहे असं आम्हाला सांगितलेलं, औषधही फिटचंच चालू होतं. मग विचारलंत, नवराबायको नात्यातले का? मी ह्यांच्या मामाचीच मुलगी. तुम्ही लगेच ईसीजी काढायला लावलात. क्यूटी, म्हणजे दर ठोक्याला हृदय सावरायला लागणारा वेळ, पाचशे मिलिसेकंदांच्या वर! फारच जास्त. ऑपरेशन पुढे ढकललं तेव्हा हे केवढे चिडले होते. मंजुरीसाठी किती खेटे घातलेले.

आजार आनुवंशिक, दोन डॉक्टरांच्या नावाचा: जर्व्हेल आणि लँग-नीलसन. नावं अजून माझ्या तोंडात बसत नाहीत. या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १९५७ साली एका घराची हकिकत लिहिली होती: सहापैकी चार मुलं बहिरी, चक्कर येऊन पडणारी, त्यातली तीन अचानक दगावलेली. तुम्ही कागदावर चित्र काढून दाखवलंत, की पेशीतून पोटॅशियम जायची जी वाट आतल्या कानाला लागते तीच हृदयाला दर ठोक्यानंतर सावरायला लागते, आणि हिच्यात तीच बिघडलीय. ऐकण्याची नस मात्र शाबूत, त्यामुळे इम्प्लांट चालणार.

आधी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचं औषध, सुरू झालं, मग ऑपरेशन. ती घाबरून रडू नये म्हणून झोप लागेपर्यंत तुम्ही मला थिएटरात उभं राहू दिलंत. शॉकचे पॅड छातीवर आधीच चिकटवलेले. ते बघून माझे पाय लटपटले, हे तुम्हाला कळलंच असेल. इम्प्लांटचं मशीन पहिल्यांदा स्विच ऑन करायच्या दिवशीही आवाज अगदी हळूहळू वाढवा, मॉनिटर लावून ठेवा, असं तुम्ही ऑडिओलॉजिस्टना बजावलं होतंत. एकदम दचकणंही या मुलांना धोक्याचं, हे मला तेव्हा कळलं.

चालत नाहीत त्या औषधांची तुमची यादी पर्समध्ये असते. उलटीला ओंडान्सेट्रॉन किंवा खोकल्याला अझिथ्रोमायसिन कुणी लिहायला लागलं, की पुढे करते. धाकट्याचा ईसीजीही तुमच्यामुळेच झाला. तो ठीक आहे.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या प्रत्येक मुलाचा ईसीजी काढावा, हे आता मी थेरपीला येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते.

पुढच्या महिन्यात हार्टच्या तपासणीला येतोय. ड्यूटीवर असाल तर भेटा. एकदा बोलायला लागली की ही आवरत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
एक आई