हंगामाच्या सणाला यंदा थर्माकोल नको

श्टुटगार्ट
रविवार, 5 ऑक्टोबर 2025

ती. पप्पा आणि आईस,
सलाम.

आज इथल्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण झाला. जर्मनीत तो बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो, त्याला ‘एर्न्टेडांक’, म्हणजे पिकाबद्दल आभार, म्हणतात. वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, द्राक्षं आणि एक भलामोठा पाव मांडला होता. आपल्यासारखा लिलाव मात्र नव्हता. एक पपई पाचशेला जाते तेव्हाचा आपल्याकडचा आरडाओरडा आठवून मला एकटीलाच हसू आलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. दादाने पाठवलेले मागच्या वर्षीच्या प्रीतिभोजनाचे फोटो आज पुन्हा बघितले. देवळाच्या मागच्या भिंतीशी थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग आणि त्यात तोंड खुपसून उभी गाय. महाराष्ट्रात 2018 पासून या ताटल्यांना बंदी आहे, तरी आपण त्या आणल्या. आणि पप्पा, रागवू नका, जेवणाच्या कमिटीत तुम्हीच होतात.

इथल्या बऱ्याच मंडळ्यांत ‘ग्र्यूनर गॉकेल’, म्हणजे हिरवा कोंबडा, नावाची व्यवस्था आहे. देवळाचं वीज, पाणी आणि गरम हवेचं मीटर वाचून वहीत मांडायचं, कुठे वाया जातंय ते शोधायचं. आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षिका करतात आणि हिशेब चुकला की पाळकांनाही सोडत नाहीत. हिवाळ्यात देऊळ जेमतेम ऊबदार ठेवतात, आम्ही शाली गुंडाळून गातो. पहिल्या वर्षी मला वाटलं, एवढा पैसा असून किती चिक्कू माणसं!

आज पाळकांनी सांगितलं की 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस 1989 मध्ये ऑर्थोडॉक्स मंडळीच्या कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी, म्हणजे धर्मप्रमुखांनी, ठरवला आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिकांसाठीही घेतला. (पोप म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील, पप्पा. पण बघा, या बाबतीत ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि आपण प्रोटेस्टंट, तिघांचं जमलं.) बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं ‘सत्ता चालवा’ आपल्या सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्या अध्यायात देवाने आदामाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. तिथे आपण भराभर पुढे जातो, कारण हव्वा यायची असते. राखण म्हणजे काय ते यावलच्या मामांना विचारा. रात्री डुकरांमागे धावणारा बागेचा मालकच असतो असं नाही. सकाळी हिशेब मात्र त्या राखणदारालाच द्यावा लागतो.

मी शहाणपण शिकवतेय असं वाटेल. मी स्वतः दर वर्षी विमानाने घरी येते. घरातला एसी माझ्याच पैशातून लागला, आणि भुसावळचा मे सोसलेल्या माणसांना तो बंद करा असं मी सांगणार नाही. यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत एकच ठरवलं होतं, शॉवर बंद, बादलीने अंघोळ. इथे न्हाणीघरात बादलीच नसते, दुकानातून फरशी पुसायची आणली. दोन आठवडे नेटाने केलं, मग रात्रपाळीनंतरच्या थंडीत तीनदा मोडलं. ईस्टरनंतर बादली मात्र ठेवली.

आई, तू पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचीस, शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. इथे बायका तेच तोऱ्यात करतात. पण तुझी काटकसर ओढगस्तीतली होती. पैसा आला तशी ती सुटली, माझीही सुटली. म्हणून मला वाटतं, हे देवासाठी काढायच्या दशांशासारखं धरावं. हात तंग असो की सैल, आधी बाजूला काढायचं. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, बारा टोपल्या भरल्या. पाच भाकरींत एवढं करणाऱ्याला तुकड्यांची काय कमी होती?

तर पप्पा, कमिटीपुढे एवढं मांडा. स्टीलची ताटं काढा असं मी म्हणत नाही, दोनशे ताटं घासायला पाणी कुठून आणायचं? भरीत-पुरीच्या पार्टीला आपण केळीच्या पानावर जेवतोच. घड उतरवलेल्या केळींची पानं मामांच्या बांधावर पडून असतात, टेम्पोचं भाडं मी देते. रस्सा पानावरून वाहणार, त्याला पळसाचे द्रोण नवापूरकडून मागवा. जेवण झालं की पानं-द्रोण गाईला, तिचाही सण होईल.

प्लास्टिकचे ग्लास तेवढे आणू नका. व्हेस्ट्रीच्या, म्हणजे देवळातल्या पाळकांच्या खोलीच्या, कपाटात स्टीलचे पेले आहेत, घराघरांनी दिलेले, तळाशी नावं कोरलेली. विसळायला एक टब पुरतो. आई, त्यात आजीच्या नावाचा सापडतो का बघ. काठाला पोचा आलेला, तोच तिचा.

तुमची,
बेबी