दारावरच्या माणसाला आत बघायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुमच्या वर्गात दाराजवळच्या खुर्चीत बसणारा तो मी. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "तिथेच का बसलात?" मी म्हणालो, बँकेत दारावरच उभं राहायची सवय आहे. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग आज खुर्ची फिरवून बसा. तिथून तुम्हाला बाहेरून येणारा दिसेल, पण आत काय चाललंय ते दिसणार नाही." मी खुर्ची फिरवली. बँकांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या त्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात मी जे काही शिकलो, ते सगळं त्या फिरवलेल्या खुर्चीवरून शिकलो. म्हणून हे आभार चारचौघांत मानावेसे वाटले.

मी प्रशिक्षणाला का आलो, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी आमच्या शाखेत एक वयस्कर गृहस्थ दोन दिवसांत तीन वेळा आले. कानाला फोन, कपाळावर घाम. तिन्ही वेळा मीच त्यांना अदबीनं दार उघडून दिलं. त्यांनी मुदत ठेव मोडली आणि सगळी रक्कम अनोळखी खात्यांत पाठवली. चौथ्या दिवशी ते आले ते बाकावर बसून रडले. त्या तीन फेऱ्यांच्या दिवशी नोंदवहीत माझ्याच अक्षरात "सर्व ठीक" असं लिहिलेलं आहे. ते पान मी अजून विसरलेलो नाही.

तोवर माझ्या डोक्यात बँकेवरचा गुन्हा म्हणजे तोंडाला फडकं बांधलेला, हत्यार घेऊन घुसणारा माणूस. त्याच्यासाठी मी तयार होतो. खरं तर त्याच्यासाठीही नव्हतो, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी दाखवून दिलंत. भर वर्गात दोन माणसं आरडाओरडा करत शिरली, टेबलावरची पिशवी उचलून पळाली आणि आम्ही एकमेकांकडे वळून बोलायला लागलो. तुम्ही जोरात म्हणालात, "गप्प! कुणी कुणाशी बोलायचं नाही. कोरा कागद घ्या आणि जे दिसलं तेवढंच लिहा." एकमेकांशी बोललं की एकाची चूक सगळ्यांच्या आठवणीत शिरते, हे तुम्ही नंतर समजावलंत. आम्ही कागद वाचले तेव्हा एकाच माणसाचं जाकीट तिघांनी तीन रंगांचं लिहिलं होतं. उंचीचा अंदाज तर कुणाचाच जुळला नाही. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणांची पट्टी कशासाठी लावतात, ते मला नोकरीच्या इतक्या वर्षांत तेव्हा नीट कळलं. रोकड मागितली तर देऊन टाका, लुटारू बाहेर पडला की दार लावून घ्या, त्यानं हात लावलेल्या वस्तूला कुणाला शिवू देऊ नका. हे क्रमानं पाठ झालं ते त्याच दुपारी.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो तिसरा दिवस. बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या चोरीचा. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी, मग न्यूयॉर्कमध्ये, जिथे त्या बँकेचे पैसे ठेवलेले होते, शनिवार-रविवार आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. चोरांनी कॅलेंडर बघून रात्र निवडली होती. सुमारे ९५ कोटी डॉलर हलवण्याचे आदेश त्यांनी पाठवले. त्यातले ८ कोटी १० लाख मनिलाला गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी मात्र एका नावातल्या स्पेलिंगच्या चुकीमुळे थांबले. हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही आम्हाला विचारलंत, "शुक्रवारी ढाक्यातल्या कर्मचाऱ्यांना पहिली खूण कोणती मिळाली?" कुणालाच सांगता आलं नाही. प्रिंटर बंद होता. व्यवहारांचे कागद छापणारा प्रिंटर चालत नव्हता आणि नेहमीचाच बिघाड असेल असं समजून तो तसाच राहिला.

त्या दिवसापासून शाखेतली कुठलीही बंद वस्तू मला गप्प बसू देत नाही. कॅमेऱ्याचं चित्र धूसर झालं, एटीएममधला दिवा गेला, मागच्या दाराचं कुलूप नीट बसेना, की मी आधी तंत्रज्ञाला फोन करत नाही. आधी जाऊन बघतो आणि शेवटचं तिथे कोण होतं ते विचारतो. एटीएमची कार्ड घालायची खाच रोज सकाळ-संध्याकाळ हातानं हलवून बघतो, अंकांच्या पाटीवर बोट फिरवतो, वरच्या पट्टीत लपवलेल्या कॅमेऱ्याचं बारीक छिद्र आहे का ते टॉर्चनं तपासतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोनदा.

आतल्या माणसाच्या गुन्ह्याबद्दल तुम्ही थोडक्यात बोललात, पण ते ऐकायला जड गेलं. १९९५ साली ब्रिटनची बेअरिंग्ज बँक बुडाली तेव्हा सौदे करणारा आणि त्या सौद्यांचा हिशेब तपासणारा माणूस एकच होता. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडेच का हव्यात, कधीच रजा न घेणाऱ्या सहकाऱ्यालाही सक्तीनं रजेवर का पाठवावं, यावर मी आता कुणाशी वाद घालत नाही.

आणि मग गेल्या महिन्यातली गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र.

एक बाई ठेव मोडायला आल्या. रोखपालानं विचारलं, रक्कम कशासाठी? "घराच्या कामासाठी." उत्तर फार लवकर आलं. बँकेत काय सांगायचं ते फसवणारा आधीच पढवून ठेवतो, हे तुमचं वाक्य मला तिथेच आठवलं. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात फोन होता आणि त्याचा उजेड कापडातून दिसत होता. फोन चालू होता. मी काही बोललो असतो तर पलीकडच्यानं ऐकलं असतं. म्हणून तुम्ही दाखवलं होतं तसंच, पैसे भरायच्या स्लिपच्या मागच्या बाजूला लिहिलं: "फोनवर कुणी आहे का? बोलू नका. फक्त मान हलवा."

त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मान हलवली.

असे फोन करणारे बहुतेकदा पोलीस असल्याचं सोंग घेतात, म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली: "खरा पोलीस फोनवर पैसे मागत नाही." त्यांचा हात थरथरायला लागला. व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये बसवून फोन बंद करायला लावला, तरी त्यांचा विश्वास बसायला पाऊण तास लागला. अटक होईल या भीतीनं त्या मलाच पुन्हा पुन्हा विनवत होत्या की मला जाऊ द्या. तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत ते कामी आलं: "तुम्ही कशा काय फसलात" असं विचारायचं नाही, पाणी द्यायचं आणि जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागायचा. भाऊ आले, त्यांना घेऊन गेले. पैसे जागेवर राहिले.

आधीच्या वर्षीचे ते गृहस्थ मला त्या दिवशी खूप आठवले. त्यांच्या वेळी मला हे येत नव्हतं.

एक विनंती आहे. आमच्या विभागातल्या नव्या सुरक्षारक्षकांना शिकवायचं काम पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे आलंय. तुमचा तो कोऱ्या कागदाचा सराव आणि स्लिपवर लिहून विचारण्याची रीत मी त्यांना शिकवली तर चालेल का? तुमच्या परवानगीची वाट बघतो. प्रत्येक काउंटरखाली एक छोटी वही आणि पेन्सिल मात्र मी आधीच ठेवली आहे.

तुमचा विद्यार्थी,
दाराजवळच्या खुर्चीतला