तेवढ्याच इंजिनातून एवढी पॉवर येते कुठून

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं आणि रेंज गेली, बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आता निवांत लिहायला बसलेय. बाबा, तुमचं म्हणणं असं होतं की सिलिंडर तेवढेच, लिटर तेवढेच, डिझेलही तेच, मग दर नवीन पिढीच्या ट्रकला हॉर्सपॉवर वाढलेला असतो तो येतो कुठून, आणि एवढं पिळून काढलेलं इंजिन टिकणार तरी किती. आणि दुसरं म्हणजे तुमच्या मित्राच्या मुलाला कोणीतरी सांगितलंय की लॅपटॉप लावून तासाभरात गाडीची पॉवर वाढवून देतो, तर ते करावं का. माझं रोजचं कामच इंजिन टेस्ट बेडवर चढवून ते किती ओढतं आणि कुठे तापतं ते बघायचं, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

आधी वाढ खरंच किती झालीय ते बघा. व्होल्वोने १९८७ साली एफ१६ ट्रक आणला, १६ लिटर, सहा सिलिंडर, ४७० हॉर्सपॉवर. २०११ साली एफएच१६ मध्ये परत १६ लिटर, परत सहा सिलिंडर, आणि हॉर्सपॉवर ७५०. मधल्या काळात इंजिन नव्याने डिझाइन झालं हे खरं, पण सिलिंडरच्या आतली जागा तेवढीच राहिली. स्कॅनियाचं व्ही८ बघा, १९६९ मध्ये १४ लिटरमधून ३५० यायचे, २०२० मध्ये १६.४ लिटरमधून ७७०. म्हणजे लिटरमागे २५ होते ते ४७ झाले.

आता डिझेल वाढवणं हे काही अवघड काम नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. जुन्या गाड्यांना पंपाचा स्क्रू थोडा फिरवला की जास्त डिझेल जायचं, गाडी जरा उचलायची आणि मागे काळाकुट्ट धूर. तो धूर म्हणजे हवा न मिळाल्यामुळे अर्धवट जळलेलं डिझेल. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये सगळी हवा सगळ्या थेंबांपर्यंत पोचत नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. आणि एक लिटर हवेचं वजन असतं जेमतेम १.२ ग्रॅम! म्हणजे लिटरभर जागेत नुसती खेचून घेतलेली हवा असेल तर एका वेळी ०.०८ ग्रॅम डिझेलसुद्धा धड जळणार नाही. ट्रकच्या इंजिनाला खरी अडचण आहे ती हवेची, आणि पॉवर वाढण्याचा बराचसा इतिहास म्हणजे त्याच जागेत जास्त हवा कशी कोंबायची याचाच इतिहास आहे.

आई, निखाऱ्यावर फुंकर घातली की तो फुलतो ना, टर्बो तेच करतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं, पण ट्रकवर यायला खूप वर्षं गेली, कारण एवढ्या उष्णतेत एवढ्या वेगाने फिरून टिकेल असा धातू आणि असं बेअरिंग परवडणाऱ्या खर्चात बनत नव्हतं. व्होल्वोने १९५४ मध्ये टायटन ट्रकला टर्बो लावला आणि १५० चे १८५ हॉर्सपॉवर झाले, इंजिन मोठं न करता.

पण हवा दाबली की ती तापते. बाहेरच्या दाबाच्या तिप्पट दाबली तर दीडशे डिग्रीच्याही वर जाते, आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबून कमावलेलं अर्धंमुर्धं तापण्यात गमावलं. म्हणून मग इंटरकूलर आला, सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात तो मोठ्या ट्रकवर रुळला. रेडिएटरच्या पुढे असतो तो, त्यात हवा थंड होऊन पन्नासेक डिग्रीवर येते आणि त्याच दाबाला तीसेक टक्के तरी जास्त हवा आत जाते. दिसायला नुसता एक जाळीचा डबा, पण माझ्या मते टर्बोइतकंच श्रेय त्याचं आहे आणि ते त्याला कोणी देत नाही.

मग हवा झाली, आता डिझेल. १८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांना, डिझेल आत सोडायला मिळतात दोन-तीन मिलिसेकंद. तेवढ्यात पूर्वीपेक्षा दुप्पट डिझेल फवारायचं आणि ते इतकं बारीक फवारायचं की प्रत्येक कणाला हवा मिळेल. जुने पंप काहीशे बारवर काम करायचे (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), आता २००० बारच्या पुढे दाब असतो. कॉमन रेल सिस्टिम, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना दाबाने भरलेल्या एकाच नळीतून डिझेल देणारी, ट्रकवर पहिल्यांदा आली १९९५ मध्ये, जपानच्या डेन्सो कंपनीने हिनोच्या ट्रकसाठी केली. तिचा मोठा फायदा म्हणजे दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून राहत नाही, कमी आरपीएमला पण पूर्ण दाब, आणि एका स्ट्रोकमध्ये डिझेल एकदम न ओतता तुकड्यातुकड्याने सोडता येतं, आधी थोडंसं, मग मुख्य, मग परत थोडं. तुम्हाला नवीन गाड्यांचा आवाज मऊ वाटतो त्याचं एक कारण हेच. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, दोनऐवजी चार व्हॉल्व्ह आले आणि त्यामुळे नोझल बरोबर मध्यावर उभं बसवता आलं, त्यानेही फरक पडला.

आता बाबा, तुमचा टिकण्याचा प्रश्न. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. आताच्या एखाद्या १३ लिटरच्या ट्रक इंजिनातला एक पिस्टन घ्या, व्यास १३१ मिलिमीटर, म्हणजे हाताचा पंजा ठेवलात तर जवळपास झाकला जाईल एवढा. आत जळताना दाब २०० बारपर्यंत जातो, तर त्या एका पिस्टनवर २७ टनांचा भार येतो. भरलेला मोठा ट्रक उभा केल्यासारखा भार, आणि तो १८०० आरपीएमला सेकंदाला १५ वेळा, प्रत्येक सिलिंडरमध्ये. जुन्या इंजिनात दाब याच्या निम्म्याच्या आसपास असायचा. आता नुसता टर्बो मोठा केला आणि डिझेल वाढवलं आणि बाकी सगळं जुनंच ठेवलं, तर काय होईल ते तुम्ही स्वतः पाहिलंय, आधी हेड गॅसकेट उडते, नाहीतर पिस्टनचा माथा वितळतो, नाहीतर बेअरिंग जातं.

म्हणून दर पिढीला आधी मजबुती वाढते आणि मग पॉवर. ॲल्युमिनियमचे पिस्टन जाऊन स्टीलचे आले. पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार मारून तो थंड ठेवतात. ब्लॉकला साध्या बिडाच्या जागी बऱ्याच इंजिनांत कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्न आलं, ते ताणाला साध्या बिडापेक्षा ७५ टक्क्यांच्या आसपास जास्त मजबूत असतं. हेडचे बोल्ट, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा), बेअरिंगचा मुलामा, वॉटर पंप, रेडिएटर, सगळं मागोमाग बदलत जातं. एक कच्चा दुवा पक्का केला की लगेच पुढचा दिसतो, मग तो पक्का करायचा.

आणि अजून एक गोष्ट आहे. नवीन इंजिन पहिल्यांदा बाजारात येतं तेव्हा ते मुद्दाम थोडं राखून दिलेलं असतं. मग काही वर्षं गाड्या चालतात, लाखो किलोमीटर झालेली इंजिनं परत येतात, ती उघडून लायनर मोजतात, बेअरिंगचे कप बघतात, व्हॉल्व्हच्या सीट बघतात, आणि त्यातून कळतं की इथे अजून बरीच ताकद शिल्लक आहे आणि तिथे अजिबात नाही. जिथे नाही तो पार्ट बदलायचा आणि पुढच्या पिढीला ४०-५० हॉर्सपॉवर वाढवायचे. मी उघडलेल्या इंजिनाचा बेअरिंग कप हातात घेते तेव्हा त्याच्यावरच्या चमकेवरून भार कुठे जास्त आलाय ते स्पष्ट दिसतं, एका कडेला जास्त चकाकी असली की समजायचं, क्रँक तिथे वाकतोय. असे कप बघून पुढच्या इंजिनाचे आकडे ठरतात, आणि म्हणून पॉवर हळूहळू पिढीपिढीने वाढते, एका झटक्यात वाढत नाही.

तर नवीन इंजिन लवकर संपतं असं नाही. उलट त्याचा वेग कमी झालाय, हायवेला ११००-१२०० आरपीएमला पळतं, कारण खालच्या आरपीएमलाच भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मिळतो. दहा लाख किलोमीटरच्या पुढचं आयुष्य धरूनच आता ही इंजिनं बनवतात. तुमच्या वेळी गिअर पाडून रेस देत चढ काढावा लागायचा, इंजिन किंचाळायचं, ते इंजिनालाही त्रासाचंच होतं.

आई, तू मागून म्हणालीस की एवढी पॉवर हवीय कशाला, पूर्वी काय ट्रक पोचत नव्हते का. पोचत होते ग, पण कसे. ४० टनांचा ट्रक धर, रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढणारा. ताशी ४० ने चढायचं तर चाकांवर ३३० हॉर्सपॉवर लागतात. चाकांवर त्याच्या निम्मेच पोचत असतील तर गाडी ताशी २० ने रांगणार, मागे गाड्यांची रांग, आणि मग कोणीतरी कंटाळून वळणावर ओव्हरटेक करणार. बाबा घाटात असले की तू जागी असायचीस ते मला आठवतंय, म्हणून तुला हा आकडा मुद्दाम सांगितला. आणि पॉवर जास्त म्हणजे डिझेल जास्त असंही नाही. रुडॉल्फ डिझेलचं १८९७ चं इंजिन इंधनातली २६ टक्के ऊर्जा कामाला लावायचं, बाकी सगळी उष्णता म्हणून वाया. आताच्या ट्रकमध्ये हा आकडा ४५ च्या आसपास आहे आणि चीनच्या वेइचाय कंपनीने २०२० मध्ये ५० टक्क्यांच्या वरचं इंजिन दाखवलं. म्हणजे वाढलेल्या पॉवरचा एक भाग हा आधी वाया जाणाऱ्या डिझेलमधून आलेला आहे.

धुराचे नियम कडक झाले तेव्हा पॉवर कमी होणार असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि वाटणं साहजिक होतं. युरोपात १९९२ च्या युरो १ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ८ ग्रॅम होती, युरो ६ मध्ये ती ०.४ वर आली, दर युनिट कामामागे. पण झालं असं की धूर कमी करायचा म्हणून इंजेक्शनचा दाब वाढवावा लागला, कंट्रोल इलेक्ट्रॉनिक करावा लागला, आणि युरिया मारून धूर सायलेन्सरमध्येच साफ करायची सोय झाल्यावर सिलिंडरच्या आत डिझेल नीट गरम आणि पूर्ण जाळायची मोकळीक मिळाली. नियमांनी इंजिन अडवलं नाही, सुधारलं, असं मी ठामपणे म्हणेन.

आता तुमच्या मित्राच्या मुलाचं. तो म्हणेल की कंपनी तरी काय करते, एकच १३ लिटरचं इंजिन ४२० ला पण विकते आणि ५४० ला पण, मग सॉफ्टवेअरचाच तर फरक आहे. काही पायऱ्यांमध्ये खरंच बराचसा सॉफ्टवेअरचाच फरक असतो. पण वरच्या रेटिंगला बऱ्याचदा टर्बो वेगळा असतो, नोझल वेगळं असतं, कधी पिस्टन वेगळे, आणि मागचा गिअरबॉक्स, क्लच, ॲक्सल आणि पुढचा रेडिएटर त्या टॉर्कला पुरेल असा निवडलेला असतो, आणि ती जोडी आमच्यासारख्यांनी महिनोन्‌महिने फुल लोडवर चालवून बघितलेली असते. लॅपटॉपवाला फक्त डिझेल आणि बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवतो. बाकी साखळी होती तिथेच राहते. पहिले सहा महिने गाडी मस्त ओढेल, मग चढावर फुल लोडला धुराचं टेम्परेचर वाढून टर्बो जाईल किंवा गिअरबॉक्स आवाज करायला लागेल, आणि वॉरंटी गेलेली असेल ते वेगळंच. त्याने हे करू नये, बाबा, तुम्ही त्याला स्पष्ट सांगा, तुमचं तो ऐकेल.

आणि गाडी ओढत नाही ही त्याची मूळ तक्रार असेल तर आधी साध्या गोष्टी बघायला सांगा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टायरमधली हवा, ब्रेक चिकटतायत का. आणि विशेष करून टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा, इंजिन चालू ठेवून रेस देऊन साबणाचं पाणी मारलं की बारीक गळतीला बुडबुडे येतात, पंख्यापासून हात मात्र लांब ठेवायचा. दाबलेली हवा तिथूनच निसटत असते आणि लोक बिचारे पंपाला आणि नोझलला दोष देत बसतात. एवढं करूनही नाही जमलं तर फॉल्ट कोड आणि फुल लोडला बूस्ट किती दाखवतो तो आकडा मला पाठवायला सांगा, मी बघून कळवते.

आई, गुडघ्याचे व्यायाम चालू ठेव. बाबांनाही सोबत घे.

तुमची लेक