नाडी बांधत होतो

२९ ऑगस्ट २०२५

प्रिय मन्या,

गुरुवारी पहाटे तुझा मेसेज आला. एकच शब्द, "बोल." मी जागाच होतो, लगेच वाचला. निळ्या टिका बघून तू काय काय बोलला असशील ते मला पाठ आहे. मेमध्ये बिल्बाओच्या रात्री, आपलं मँचेस्टर युनायटेड युरोपा लीगची फायनल हरलं तेव्हा, फोन आपटला तो मीच, आणि नंतर तीन महिने उचलला नाही तोही मीच. आता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

आईचा गुडघा बरा आहे. माझी शुगर काठावर. झालं.

तर ग्रिम्सबी. चौथ्या श्रेणीतला संघ, अर्ध्या तासात आपल्यावर दोन गोल. मग मॅग्वायरने ८९व्या मिनिटाला डोक्याने बरोबरी केली तेव्हा मी मूर्खासारखा उठून उभा राहिलो, घरचे झोपलेत हे विसरून. आणि मग ती न संपणारी पेनल्टी शूटआउट, १२-११. म्बेमोचा फटका बारवर आदळला तो आवाज अजून कानात आहे. हे सगळं तूही पाहिलंस. पण मी पाहत होतो तो माणूस बाकाच्या कोपऱ्यात होता. पोरं एकेक करून चेंडू ठेवायला जातायत आणि आपला कोच अमोरिम खाली मान घालून बसलाय. बघतच नाही.

तुला वाटेल, आता याची वकिली सुरू होणार. माझं ठरलेलं भाषण तुला तोंडपाठ आहे: डिसेंबर १९८९, आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर तेव्हाचा कोच फर्ग्युसनला "तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता टाटा" म्हणणारा फलक, जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध आपल्या मार्क रॉबिन्सचा गोल, मेमध्ये एफए कप, आणि पुढची तेवीस वर्षं तोच कोच. आणि तुझं ठरलेलं उत्तर: "एका फर्ग्युसनच्या नावावर किती जणांना जामीन देणार?" २०१४ मध्ये फर्ग्युसननंतर आलेल्या मॉयेसला हाकला म्हणणारं विमान मैदानावरून गेलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास आणि अव्याने तुझी उशी गॅलरीतून खाली फेकली. उशी तू मला भरून मागितलीस. का, ते आजतागायत कळलेलं नाही.

पुढचा कोच व्हॅन गाल, त्याला एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत घरी पाठवलं. मोरिन्होने ८१ गुण काढून दुसरा नंबर आणला, तोही त्याच वर्षी डिसेंबरात गेला. त्याच्यानंतरच्या ओले सोल्शायरबद्दल आपण दोघंही बोलत नाही, ते बरंच आहे. टेन हागचा करार जुलैमध्ये वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला काढला. वाढवणारे तेच, काढणारेही तेच. फर्ग्युसननंतर कायमच्या खुर्चीत सहा माणसं बसली. मालक ग्लेझर मात्र २००५ पासून आहेत तिथेच आहेत. या मुद्द्यावर मी अजूनही एक इंच मागे हटत नाही, हे लिहून ठेव.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती इथे कुणाला सांगता येत नाही.

मी मार्चपासून बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवतोय. हस. हसून घे. कोच मिळत नव्हता, मी मोठ्या तोंडाने हो म्हणालो. नऊ-नऊ जणांचा खेळ. आणि मी गाढवाने अमोरिमसारखे मागे बचावाला तीन लावले. हो, तीनच. दोन्ही बाजूंना एकेक पोरगा, त्यानेच वर जायचं, त्यानेच परत यायचं. मध्ये फक्त दोघं, समोरचे तीन-चार. कागदावर इतकं सुंदर दिसायचं म्हणून सांगू! दुसऱ्या हाफमध्ये दहा मिनिटं झाली की डावीकडच्या पोराचे पाय संपायचे आणि गोल तिथूनच यायचे. पाच सामने, चार हार. मला हे दुसऱ्याच सामन्यात दिसलं होतं. तरी बदललं नाही. बदललं असतं तर तू बिल्बाओच्या रात्री अमोरिमच्या या पद्धतीवर जे ओरडत होतास ते मान्य केल्यासारखं झालं असतं. ऐकायला तू तिथे नव्हतास, हे खरं. पण डोक्यात असतोसच.

पाचवा सामना गेल्या शनिवारी. बरोबरी, म्हणून पेनल्टी. आपला गोलकीपर, दहा वर्षांचा, हातमोजे कोपरापर्यंत येतात, त्याने दोन अडवल्या. शेवटची आपली होती, डावीकडच्या त्याच पोराची. आणि मन्या, मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. ती सुटलेली नव्हती. वर पाहिलं तेव्हा चेंडू बाहेर गेला होता आणि पोरगा बाकाकडे बघत होता. तो किती वेळ बघत होता कोण जाणे.

रात्री पालकांच्या ग्रुपवर पेटलं. "कोच बदला." "पद्धतच चुकीची आहे." "प्लॅन बी नाही." शप्पथ सांगतो, दोन वाक्यं तर जशीच्या तशी तुझी. ते मी पचवलं असतं. शिव्या खायची सवय तू लावलीच आहेस. पण एक बाबा माझ्या बाजूने उतरले. सज्जन माणूस. लिहिलं की सर काय करणार, आठवड्यात दोनदा सराव, हातात आहेत ती मुलं अशी, डावीकडच्याला दमच नाही, शेवटची तर कुणीही मारली असती.

माझाच मुद्दा होता तो. गेली अकरा वर्षं मी हेच म्हणतोय: कोच काय करणार, खेळाडूच तसे. पगार घेणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल बोलताना मला त्याचं कधी काही वाटलं नाही. इथे मला वाचवायला अकरा वर्षांच्या पोराला पुढे ढकललं होतं, आणि त्याची आई त्याच ग्रुपवर होती. तिने काही लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं की दम त्याचा नाही, माझ्या कागदाचा संपला. टाइप केलं होतं, पुसलं.

आणि पाच दिवसांत ग्रिम्सबी. तो कोपरा, ती खाली घातलेली मान. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? घरात म्हणाले, "हरलात ना, मग झोप आता."

तर आता सांग. बोर्डरूमचं, मालकांचं सोड. मला काढलं असतंस का? आणि मी स्वतःहून सोडलं तर ते शहाणपण की पुन्हा नाडी बांधणं? दोन रात्री हेच चाललंय. गंमत म्हणजे अमोरिमला काढू नये असं मला अजूनही वाटतं. गेल्या हंगामातला लीगमधला पंधरावा नंबर आणि ४२ गुण पाहूनसुद्धा. फक्त तसं म्हणताना आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

नवीन नोकरी लागल्याचं अव्याकडून कळलं, अभिनंदन. रेवाचे दात आले का सगळे? वहिनींना सांग, त्या रात्रीच्या माझ्या आवाजाबद्दल माफी.

उद्या सकाळी सहाला सराव आहे. मागे चौघं ठेवणार आहे, आणि डावीकडच्याला आधी जे पुसलं ते सांगणार आहे, तोंडावर. संध्याकाळी साडेसातला युनायटेडची बर्नलीशी मॅच. हाफटाइमला फोन करतो. उचल. पहिली दोन मिनिटं तू बोल, शिव्यांसकट.

तुझा,
बाळ्या

ता. क. उशीचे पैसे देणार नाही.