मोर्चा पांगल्यानंतर काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकशाही धोक्यात आहे, हे पुरोगामी व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. हे निदान मला मान्य आहे. उपचार मात्र ठरलेले: निषेधसभा, पत्रक, सह्यांची मोहीम, मोर्चा, मग पांगापांग.

या मंडळींनी चिलीचा 1988 चा इतिहास जरूर चाळावा. 1973 मध्ये लष्करी बंड करून सत्ता बळकावलेल्या पिनोशे यांनी स्वतःच्या मुदतवाढीसाठी सार्वमत लावले होते. नव्या राज्यघटनेवरचे त्यांचे 1980 चे सार्वमत तर मतदार याद्यांशिवायच उरकले गेले होते. जुन्या याद्या राजवटीने नष्ट केल्या होत्या. 1987 मध्ये नोंदणी नव्याने सुरू झाली, तेव्हा विरोधकांतच जुंपली. नाव नोंदवणे म्हणजे हुकूमशहाच्या खेळाला मान्यता देणे, असे बऱ्याच डाव्यांचे म्हणणे होते. (वाद ओळखीचा वाटतो ना?) अखेर कार्यकर्ते लोकांना नोंदणीसाठी तयार करू लागले आणि 70 लाखांहून अधिक नावे यादीत आली. 'नाही' म्हणा, असे सांगणारा विरोधकांचा टीव्हीवरचा प्रचार पुढे फार गाजला, आणि त्याचे कौतुक रास्तच आहे. पण माझ्या मते खरी बाजी मारली ती मतदान केंद्रांवर दिवसभर बसून राहिलेल्या प्रतिनिधींनी. टेबलागणिक मोजणी टिपून घ्यायची आणि आपल्या मुख्यालयाला कळवायची, एवढेच त्यांचे काम. 5 ऑक्टोबरच्या रात्री सरकार निकाल रेंगाळवत होते, तेव्हा विरोधकांकडे स्वतःचे आकडे तयार होते. शेवटी लष्करी मंडळातलेच हवाई दलप्रमुख मात्तेई यांनी पत्रकारांसमोर 'नाही'चा विजय कबूल केला. 'नाही'ला सुमारे 55 टक्के मते पडली होती.

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात 1955 मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध सुरू झालेल्या बस बहिष्काराची कथाही आपण अर्धीच सांगतो. कृष्णवर्णीय रोझा पार्क्स गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, एवढेच लक्षात राहते. त्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेच्या चिटणीस होत्या, तिथल्या कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनेने बहिष्काराचा इशारा वर्षभर आधीच महापौरांना दिला होता, अटक होताच त्याच रात्री हजारो पत्रके छापली गेली, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे वर्षाहून अधिक काळ लोकांना कामावर पोहोचवण्यासाठी मोटारींची व्यवस्था चालवावी लागली. कोणती गाडी कुठे, किती वाजता, पेट्रोलचे पैसे कोण देणार, यावर रोज डोके खपवणारे लोक होते म्हणून बहिष्कार टिकला. मिळालेले हक्कही कायमचे नसतात, हे वेगळेच. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण देणाऱ्या अमेरिकेच्या 1965 च्या मताधिकार कायद्यातली महत्त्वाची तरतूद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निष्प्रभ केली.

म्हणून पुरोगामी संघटनांना माझे साधे प्रश्न आहेत. वर्गणी भरणारे सभासद किती? किती केंद्रांवर तुमचा माणूस शेवटचे मत मोजून होईपर्यंत बसतो? यादीतून नाव गळलेल्या माणसाचा अर्ज भरून द्यायला कोण जाते? समाजमाध्यमांवरच्या अनुयायांचा आकडा कृपया सांगू नये.

आणखी एक, जरा अवघड प्रश्न. सत्ताधाऱ्यांना जाब विचारणाऱ्या काही संघटनांत अध्यक्ष वर्षानुवर्षे तेच असतात, कार्यकारिणीची निवड 'एकमताने' होते आणि हिशेब मागणाऱ्या तरुणाला फुटीर ठरवले जाते. तिथे आधी निवडणूक घ्या, गुप्त मतदानाने. जमाखर्च सभासदांपुढे ठेवा. विरोधी मत देणाऱ्यालाही पुढच्या बैठकीचे निमंत्रण जाऊ द्या.

— एक वाचक