तोडलेल्या रेडवुडचे पुढे काय?

महोदय,

तोडलेले जंगल नुसते राखून ठेवले की आपोआप पूर्ववत होते, असे सर्रास म्हटले जाते. कॅलिफोर्नियातील किनारी रेडवुडच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. हे झाड मोठे चिवट. खोड कापले तरी मुळे जगतात आणि काळवंडलेल्या खुंटाभोवती नवे कोंब कडे करून उभे राहतात. मुलाकडे गेलो असता अशा एका कड्यातली झाडे मी मोजली, ती अकरा भरली.

मात्र १९७८ साली रेडवुड राष्ट्रीय उद्यानाला जोडलेल्या सुमारे ४८ हजार एकरांपैकी बहुतेक भागावर आधीच करवत फिरली होती आणि तोडीनंतर तेथे विमानातून डग्लस फर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे बी टाकल्यामुळे काडीसारख्या खोडांची अशी दाटी झाली, की खाली ऊनच उतरत नाही. शिवाय ओंडके वाहण्यासाठी डोंगर कापून केलेल्या रस्त्यांची माती हिवाळी पावसात ओढ्यांत जाते आणि सामन मासे जेथे अंडी घालतात ती वाळूखडी बुजवते. म्हणून ‘रेडवुड्स रायझिंग’ या २०१८ पासूनच्या उपक्रमात झाडांची विरळणी केली जाते, जुने रस्ते उखडून उतार पूर्वीसारखे केले जातात. संरक्षित वनात पुन्हा करवत, हे प्रथम मलाही खटकले होते. पण जुन्या रेडवुड वनाचा जेमतेम पाच टक्के भाग उरला असताना, या कोवळ्या झाडांना वाढायला जागा करून देणे मला रास्त वाटते.

– एक वाचक, पुणे